निरोगी पेशींचा ताप

मी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांवर काम करते असं सांगितलं की लोकांना वाटतं मी डॉक्टर आहे, आणि ते लगेच आपली डोकेदुखी सांगायला लागतात. मी डॉक्टर नाही. पीएच.डी. झाली असती तर निदान 'डॉ.' हे बिरूद नावाआधी लागलं असतं, पण ती अजून लोंबकळतेच आहे. सासूबाईंना माझं काम समजावायला मी एकदा अकोल्याच्या घरी त्यांच्या ओट्यावरची चहाची गाळणी हातात घेतली होती. म्हटलं, ही समजा एवढीशी, बोटाच्या पेरावर मावेल अशी. हिच्या जाळीवर आम्ही पेशी वाढवतो, माणसाच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून जे अस्तर असतं ना, त्याच्या. त्या एकमेकींना इतक्या चिकटून बसतात की जाळी बुजून जाते. वरच्या बाजूला रक्त आहे असं समजायचं, खालच्या बाजूला मेंदू. मग वरून दाह निर्माण करणारं द्रव्य सोडायचं आणि बघत बसायचं, यांची पकड कुठे सुटते.

"मंग खऱ्या माणसाच्या डोक्यातच कायले नाही पाहत?" सासूबाई म्हणाल्या.

"खरा माणूस डोकं उघडू देत नाही."

"हे खरं हाये," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातली गाळणी घेऊन दोनदा घासून धुतली.

न्युमोनियाने आडवा झालेला म्हातारा माणूस एकाएकी बरळायला लागतो, घरच्यांना ओळखत नाही, आपण म्हणतो ताप डोक्यात गेला. ताप कुठेच जात नाही. अंगभर दाह पेटला की त्या अस्तरातले सांधे ढिले पडतात आणि जे रक्तातच राहायला हवं ते मेंदूत झिरपतं, असं आम्ही मानतो. माणूस बरा होऊन घरी येतो, पण पुष्कळदा पूर्वीचा उरत नाही. ते सांधे ढिले पडू नयेत म्हणून काही करता येईल का, एवढाच माझा प्रश्न होता. प्रश्न चांगला होता. अजूनही चांगला आहे, त्याची काही चूक नाही.

जयपूरला मी या कामासाठी आले नव्हते. नवरा बँकेत, त्याची बदली आली म्हणून आलो. मुलगी तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली होती. मालवीय नगरात भाड्याने घर घेतलं, आणि तिथून जवळच, झालान्याला, एका संस्थेत मला पीएच.डी.ला जागा मिळाली. लॅबच्या मागच्या खिडकीतून डोंगर दिसतो. त्या जंगलात बिबटे आहेत, लोक पहाटे उठून जीपमधून त्यांना बघायला जातात. मी इतकी वर्षं शेजारी राहून एकही पाहिला नाही, कारण मी कायम खिडकीकडे पाठ करून हूडखाली, म्हणजे गाळलेल्या हवेच्या काचपेटीपाशी, डोकं घालून बसलेली.

बँकेचं आणि पेशींचं जमत नाही. माझ्या पेशींनी कुठे जाळीवर नीट बसायला सुरुवात केली तोवर नवऱ्याची पुन्हा बदली झाली. त्याने म्हाताऱ्या आईवडिलांचं कारण देऊन अकोला मागितलं होतं, ते मिळालं. त्याचं बरोबरच होतं. आम्ही एका रविवारी डबा घेऊन कानोत्याच्या धरणावर गेलो आणि मुलगी पाण्यात दगड मारत असताना मागे बसून ठरवलं, की मुलगी त्याच्याबरोबर जाईल. तिथे आजी आहे, शाळा जवळ आहे, आणि मी रात्री किती वाजता घरी येईन याचा नेम नाही. थीसिस झाला की मी येते. एका वर्षाचा प्रश्न आहे. हे वाक्य मी म्हटलं की त्याने, ते आठवत नाही, पण दोघांनाही पटलं होतं. मुलीला विचारलं नाही. तिला गाडीत बसल्यावर कळलं की आई खालीच उभी राहणार आहे.

त्या दिवसापासून माझ्यापुढे एकच गोष्ट होती, थीसिस संपवायचा आणि तिच्याकडे जायचं. बाकी सगळं, म्हणजे जयपूर, डोंगर, मकर संक्रांतीला गच्चीगच्चीवरून उडणारे पतंग, घरमालकिणीचे 'बेटी, अकेली क्यों रहती हो', हे सगळं मी डोळ्यांना झापडं लावलेल्या घोड्यासारखं पार केलं.

पेशींना दिवसाआड खायला द्यावं लागतं. त्यांना शनिवार-रविवार कळत नाही, दिवाळी कळत नाही. जुनं लाल पाणी शोषून काढायचं, नवं घालायचं. हे काम मी संध्याकाळी ठेवलं होतं, कारण तेव्हा मुलगी शाळेतून येऊन, खाऊन, खेळायला जायच्या आधी मोकळी असायची. हात हूडमध्ये गुंतलेले, म्हणून फोन बाजूच्या स्टुलावर स्पीकरवर. ती बोलायची, मी बोलायचे. सुरुवातीला तिची भाषा जयपूरची होती. "आई, मतलब, इथे ना सगळे माझ्यावर हसतात, मी मांजाला मांझा म्हटलं ना तर." मग ती म्हणायची, "आज पेशींनी काय खाल्लं?" मी सांगायचे, वरणभात. ती खिदळायची. कधी कधी रडायची, तेव्हा मी पिपेट हातात धरून तिला समजावत बसायचे. उन्हाळ्यात त्या खोलीचा एसी बिघडला की मास्कखाली घाम साचायचा आणि तिला माझं बोलणं नीट ऐकू यायचं नाही. "आई, तू रुमालातून बोलतेस." मग मी मास्क हनुवटीखाली ओढायचे. ही वेळ मला दिवसातली सगळ्यात आवडती होती. एका बाजूला पेशी, एका बाजूला पोर, दोघींना एकदमच भरवतेय असं वाटायचं.

काम पुढे सरकत होतं, पण रडतखडत; एका वर्षाची चार होत आली. आमच्याकडे दोन बारक्या काड्यांसारखी इलेक्ट्रोड असतात. एक जाळीच्या वर बुडवायची, एक खाली, आणि मधल्या थरातून वीज किती अडते ते मोजायचं. थर घट्ट असेल तर आकडा मोठा. दाह केला की आकडा पडायला हवा. माझा पडायचा, पण फारसा नाही, कारण ज्या पेशींना मी काहीच केलेलं नाही, ज्या निरोगी म्हणून बाजूला ठेवायच्या, ज्यांना आम्ही कंट्रोल म्हणतो, त्यांचाच आकडा मुळात कमी यायचा. त्यांच्यातही दाहाच्या खुणा सापडायच्या. काही न करता अंगात कणकण असलेल्या माणसासारख्या त्या होत्या. मी सरांना विचारलं. सर म्हणजे माझे गाइड, जयपूरचेच, मऊ बोलणारे, कुणालाही न दुखावणारे गृहस्थ. ते म्हणाले, "मैडम, ये सेल ऐसे ही हैं।" लॅबमध्ये सगळेच हे म्हणायचे. ज्या लॅबमधून या पेशी आमच्याकडे आल्या तिथेही म्हणे हेच म्हणायचे. विरजण जसं या घरातून त्या घरात जातं आणि दही आंबट लागलं तर विरजणच तसं आहे म्हणून आपण खातो, तसं.

एक गोष्ट मात्र फार छान चालली होती. आम्ही एक जुनं, साधं प्रतिजैविक या पेशींना देऊन बघत होतो. ते दाहही शमवतं असं बऱ्याच जणांना वाटतं. माझ्या पेशींवर त्याने कमाल केली. आकडा वर जायचा, कणकण उतरायची, सांधे पुन्हा रेखीव दिसायचे. सर इतके खूष, की संस्थेत कुणी पाहुणे आले की मला बोलावून तो आलेख दाखवायला लावायचे. मी नवऱ्याला सांगितलं, आता लिहायचंच काम उरलं. मुलीला सांगितलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत तू इकडे यायचं नाही, मीच तिकडे येते, कायमची.

थीसिसमध्ये घालायला चांगली चित्रं हवी होती. नवीन रंग आला होता, केंद्रकं निळी दिसतात असा. मी पेशी रंगवल्या, अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली ठेवल्या आणि डोळा लावला. केंद्रकं निळी, गोल, टपोरी दिसली. आणि त्यांच्या भोवती, जिथे काहीच असायला नको तिथे, निळी पूड. रांगोळी काढून झाल्यावर बोटांवरची झटकावी तशी, सगळीकडे. मला वाटलं रंग नीट धुतला गेला नाही. दुसरी काच घेतली. तिसरी घेतली. मग दिवा लावून खुर्चीत बसले. मला काय आहे ते कळलं होतं. पुस्तकात चित्र पाहिलेलं होतं, पण ती वेळ दुसऱ्यांवर येते असं माझं मत होतं.

मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू असतो. इतका लहान, की साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाही. पाणी गढूळ करत नाही, वास येऊ देत नाही, पेशींना मारतही नाही. नुसता त्यांच्यात राहतो, त्यांच्या ताटातलं खातो आणि त्यांना कायम किंचित आजारी ठेवतो. आम्ही सावधगिरी म्हणून रोजच्या खाण्यात जी प्रतिजैविकं घालतो ती त्याला काही करत नाहीत. उलट बाकीचे जंतू मरतात, सगळं स्वच्छ दिसतं आणि कुणाला संशय येत नाही. आमच्या लॅबमध्ये कधी काही नासलं नाही याचा सगळ्यांना अभिमान होता, म्हणून तपासणीही कधी केली नव्हती.

आणि ते जुनं, साधं प्रतिजैविक? ते याच जंतूला मारतं. माझ्या सुंदर आलेखातला सुंदर चढ म्हणजे दाह शमला, सांधे घट्ट झाले, असलं काही नव्हतं. मी आजारी पेशींना त्यांच्या आजाराचं औषध दिलं होतं आणि त्या बऱ्या झाल्या होत्या. सगळं मुसळ केरात.

पेशी अधूनमधून गोठवून ठेवायची पद्धत असते, कारण नुसत्या वाढवत राहिलं की त्या म्हाताऱ्या होतात. द्रव नायट्रोजनच्या पिंपात माझ्या सगळ्या वर्षांच्या कुप्या होत्या. मी एकेक काढून तपासायला पाठवली. अलीकडच्या सगळ्या दूषित. त्याच्या आधीच्या दूषित. अगदी जुन्या निघाल्या स्वच्छ, म्हणजे पेशी मुळात तशा नव्हत्याच. कुठून बिघडलं ती रेघ स्पष्ट होती. नवरा आणि मुलगी अकोल्याला गेले त्याच्या अलीकडे सगळं दूषित, पलीकडे सगळं चांगलं. तपासणाऱ्या बाईंनी आपणहून आणखी एक गोष्ट सांगितली. जंतूची जात कळली होती. ही जात माणसाच्या तोंडात राहते. "कोई बात करते हुए काम करता होगा," त्या म्हणाल्या. "बहुत कॉमन है।"

लॅबमध्ये सगळेच बोलतात. एक बाई हूडपाशी बसून गाणी गुणगुणतात, दुसरीचं सासूपुराण चालू असतं. कुणाचं तोंड ते जगात कुणाला सिद्ध करता येणार नाही, आणि सरांनी तर हा विषय काढूच दिला नाही. मला सिद्ध करायची गरज नव्हती. मला स्टूल दिसत होतं, त्यावरचा फोन, आणि "आई, तू रुमालातून बोलतेस." मला स्वतःचा राग आला नाही, खरं सांगते. राग आला तो या व्यवस्थेचा, ज्यात एका बाईला आपल्या पोरीशी बोलायला तेवढीच जागा मिळते, पेशींच्या उघड्या पेल्यांवर.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "देखिए, कंट्रोल में भी था, बाक़ी में भी था। दोनों में बराबर। फ़र्क़ तो फिर भी फ़र्क़ है।"

मी म्हटलं, "सर, कंट्रोलच आजारी असेल तर आपण कशाशी तुलना करतोय?"

"आप बहुत थक गई हैं। सबमिट कीजिए और बेटी के पास जाइए। कौन पूछने वाला है?"

ते खरंच माझ्या भल्यासाठी बोलत होते, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. वाईट माणूस असता तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. चहा तसाच ठेवून मी म्हटलं, उद्या कुणी डॉक्टर हा आलेख वाचून तापात बरळणाऱ्या म्हाताऱ्याला हे औषध देईल, आणि त्या म्हाताऱ्याच्या मेंदूत तर मायकोप्लाझ्मा नसणार. त्याचं काय होईल? सर म्हणाले, एका थीसिसवरून कुणी औषध देत नाही. हेही खरंच होतं. मग आपण हे करतो तरी कशाला, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी माझा थंड झालेला चहा बदलून आणायला सांगितलं.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सबमिट करून टाक ना."

"तू बँकेत खोटी सही केलीस कधी?"

"ही खोटी सही कुठे आहे? तू काम केलंयस. चार वर्षं आम्ही इथे काय गोट्या खेळत बसलोय का? त्या जंतूला काय पडलंय आपल्या घराचं?"

"अजून दोन वर्षं लागतील," मी म्हटलं. "स्वच्छ कुप्या आहेत. पहिल्यापासून करता येईल."

"आगीतून फुफाट्यात," तो म्हणाला. मग थकल्या आवाजात म्हणाला, "मला विचारू नकोस. पोरीला तूच सांग. या वेळी मी सांगणार नाही."

तिसरा रस्ताही होता, तो मी त्याला सांगितला नाही. पदवी सोडून द्यायची, सामान बांधायचं आणि जायचं. लोक हसले असते, सासूबाईंनी एखादा टोमणा मारला असता, पुढच्या महिन्यात विसरल्या असत्या. मी ठरवलं होतं की हे मी मुलीवर सोडेन. तिच्या आवाजात जे असेल त्यावर. एवढा मोठा निर्णय पोरीच्या डोक्यावर ठेवणं बरोबर नाही हे मला कळत होतं, पण गेल्या वेळी तिला विचारलंच नव्हतं, निदान या वेळी तरी.

मधल्या दिवसांत मी चालू पेशी मारल्या. प्रत्येक पेल्यात ब्लीच ओतायचं. लाल पाणी पिवळं होतं, मग पांढुरकं. जाळीवरचा थर सुटून वर तरंगतो, दुधावरच्या साईसारखा. इन्क्युबेटर रिकामा करून पुसून घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळी कुणाला खायला द्यायचं नव्हतं. मी लवकर घरी गेले. मे महिना होता, आंधी आली होती, सगळ्या शहरावर पिवळी धूळ. दारंखिडक्या लावून आत बसले तरी दातांखाली कचकच लागत होती. मला कुणाचीच आठवण येत नव्हती. नुसतं वाटत होतं की माझं आयुष्य मी कुठल्या तरी भलत्याच गोष्टीला भरवत आले, आणि ती गोष्ट तेवढी धष्टपुष्ट झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन केला, घरून, स्पीकर न लावता, कानाला धरून. दुपारभर मी काय बोलायचं ते घोकलं होतं. रडली तर हे, रुसली तर ते, फोन आजीकडे दिला तर आजीला काय सांगायचं ते. एक गाडी त्या संध्याकाळचीच होती, तीही मी बघून ठेवली होती.

"काय करतेस?" मी विचारलं.

"काही नाही. खेळाले चालली." तिची भाषा पार अकोल्याची झाली होती. एरवी फोनवर माझं निम्मं लक्ष पेशींत असायचं, आणि दिवाळीला गेले तेव्हा आजूबाजूला सगळेच तसे बोलत होते, म्हणून इतकी जाणवली नव्हती.

मी सांगितलं. पेशी आजारी निघाल्या. मागचं सगळं फुकट गेलं. या सुट्टीत मी कायमची येणार होते, ती आता येत नाही. सगळं परत पहिल्यापासून करायचं, आणि त्याला अजून दोन वर्षं तरी लागतील. सांगून मी थांबले. पलीकडे अंगणात कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"हाव, चालते ना आई," ती म्हणाली. "मंग मी ठेवू? तिकडे टीम पाडून राह्यले."

मी म्हटलं, ठेव.

बारीकसा फरक ओळखणं हाच माझा धंदा आहे. मी तिचा आवाज मनात पुन्हा पुन्हा लावून पाहिला. राग नव्हता. रुसवा नव्हता. मला बरं वाटावं म्हणून केलेलं शहाणपणही नव्हतं. दूरच्या मावशीने लग्नाला येता येत नाही म्हणून कळवावं आणि आपण म्हणावं बरं बरं, तसं होतं. ती जराशी जरी रडली असती तर मी पदवी, पेशी, सर, सगळं तिथेच टाकून त्या संध्याकाळच्या गाडीत बसले असते. गाडी गेली. सकाळी मी लॅबमध्ये गेले, मास्क लावला आणि जुन्यातली एक स्वच्छ कुपी काढून पेशी वाढवायला घातल्या.